वय ५१, समोर १७ वर्षांची मुलगी, ओपनमध्ये एंट्री भरू का?

सोलापूरच्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणाल्यात, म्हणून देत नाही. पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. वय ५१, नोकरी बँकेत. १९९३ आणि ९४ला शिवाजी विद्यापीठाच्या टीममधून टेबल टेनिस खेळल्या, ९६ला लग्न झालं आणि बॅट माळ्यावर गेली ती थेट २०२२ला खाली आली. तेव्हापासून रोज संध्याकाळी दीड तास खेळतात, जिल्ह्यात व्हेटरन्सची फायनल दोनदा खेळल्यात. यंदा धीर करून राज्य मानांकन स्पर्धेत महिलांच्या ओपन गटात उतरल्या आणि पहिल्याच राउंडला अकॅडमीतल्या १७ वर्षांच्या मुलीकडून ११-३, ११-४, ११-५ अशा हरल्या, पंधरा मिनिटांत खेळ खलास. वर अंपायरने दोनदा सर्व्हिस फॉल्ट दिली. बाहेर पडताना कुणाचे तरी वडील शेजारच्याला म्हणत होते, "काकूंशी मॅच म्हणजे बायच की," (बाय म्हणजे न खेळताच पुढच्या राउंडला) ते कानावर पडलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. मिस्टर म्हणतात आता बास, लोक हसतात, व्हेटरन्स आहे की तुला. मुलगी म्हणते खेळ. गुडघा मधूनमधून दुखतो. पुढची स्पर्धा अडीच महिन्यांवर आलीय, फॉर्म भरायचा का नाही ते सांगा, असं विचारलंय.

ताई, भरा. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

पण नुसतं "भरा, वय हा फक्त आकडा आहे" वगैरे मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. वय जाणवतं. उजवीकडे लांब आलेला बॉल आधी दिसायचा आणि पाय पोचायचे, आता दिसतो आणि पाय नंतर निघतात, हे तुम्हीच लिहिलंय आणि मलाही रोज तेच होतं. समोरच्या मुली दिवसाला पाच-सहा तास खेळतात, मल्टिबॉलवर (कोच एकामागून एक बॉल टाकत राहतो) शेकडो टॉपस्पिन (बॉलला पुढे फिरवत मारलेले फटके) मारतात, त्यांना ट्रेनर असतो, आणि ओपनमध्ये तर रेल्वे, रिझर्व्ह बँक, पेट्रोलियम कंपन्यांच्या टीमकडून खेळणाऱ्याही येतात, म्हणजे खेळ हीच ज्यांची नोकरी. त्यांच्याशी त्यांच्याच वेगाने खेळायला गेलात तर पुढच्या वेळी पण ११-४च होणार. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही त्या दिवशी त्या मुलीचा खेळ खेळलात, तुमचा नाही. तुम्हीच लिहिलंय ना, "रॅलीत टिकायचा खूप प्रयत्न केला." तिथेच चुकलं. रॅलीत टिकायचंच नाही आपल्याला, रॅली होऊच द्यायची नाही.

आधी ते फॉल्टचं बघू, कारण त्यात एक मोठी गोष्ट लपलीय. तुम्ही ९६ला जो खेळ सोडलात तो खेळ आता राहिलेलाच नाही, आणि हे तुम्हाला कुणी नीट बसून सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा २१ पॉइंटचा गेम आणि पाच-पाच सर्व्हिस होत्या, बॉल ३८ मिलिमीटरचा होता. २००० साली बॉल ४० मिलिमीटरचा झाला, २००१ला गेम ११वर आला आणि सर्व्हिस दोन-दोन झाल्या, २००२ला लपवून सर्व्हिस करणं बंद झालं, २००८ला ते सोल्युशन लावून रबर फास्ट करायचं बंद झालं (आठवतो ना तो वास, मॅचच्या आधी सगळ्या हॉलला यायचा), आणि २०१४पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचा बॉल आला. बॉल मोठा, त्यात प्लास्टिकचा, म्हणजे स्पिन पूर्वीएवढा बसत नाही. आपल्या काळची भरपूर कापलेली (उलटा स्पिन दिलेली) सर्व्हिस आता समोरची मुलगी सरळ उचलून मारते ती त्यामुळेच. आणि तुमच्या हाताला अजून जुनी सवय आहे, डावा हात आणि खांदा बॉलच्या आड येतोय, तुमच्या काळात ते चालायचं. आता बॉल उघड्या सपाट तळव्यावर हवा, टेबलाच्या मागे, टेबलापेक्षा वर, किमान १६ सेंटिमीटर सरळ उडवायचा, आणि उडवला की मोकळा हात लगेच बाजूला. घरी आरशासमोर रोज पन्नास वेळा नुसता टॉस करा, बॅट न लावता. मुलीला मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढायला सांगा, समोरच्याला बॉल पूर्ण वेळ दिसतोय का तेवढंच बघायचं.

११ पॉइंटचं अजून एक. २१च्या गेममध्ये पाच पॉइंट मागे पडलं तरी अंग गरम होईपर्यंत वेळ मिळायचा. आता ०-४ झालं की गेम जवळपास गेला, आणि आपलं अंग उशिरा गरम होतं. तुमचा स्कोअर परत बघा, तीन, चार, पाच, प्रत्येक गेमला एकेक पॉइंट वाढलाय, म्हणजे तुम्ही मॅचमध्ये शिरत होतात आणि तेवढ्यात मॅच संपली. म्हणून मॅचच्या आधी वीस मिनिटं तरी घाम येईपर्यंत हालचाल हवी, दोरी नको, भरभर चालणं, बाजूबाजूला पावलं, आणि मिळालं टेबल तर सर्व्हिस-रिसीव्ह. साडीच्या दुकानात थांबल्यासारखं खुर्चीत बसून नंबरची वाट बघायची नाही. पण याच ११च्या गेममध्ये आपला फायदापण आहे. चार सर्व्हिस तिला कळल्या नाहीत, दोन रिसीव्ह नेटमध्ये गेले, एखादा बॉल टेबलाच्या कडेला (एज) लागला, की सात झाले. २१मध्ये चांगला खेळाडू शेवटी वर यायचाच, ११मध्ये त्याला तेवढा वेळच मिळत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय की बॅकहँड पहिल्यापासून पुश आणि ब्लॉकचाच आहे, मारता येत नाही. मग त्या बाजूला लाँग पिंपल्स, म्हणजे लांब दाण्यांचं रबर, लावा. खूप जण नाक मुरडतात, हे रडीचं रबर आहे म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. मनिका बत्राने २०१८च्या गोल्ड कोस्ट कॉमनवेल्थमध्ये सिंगापूरच्या फेंग तियानवेईला हरवलं ते बॅकहँडच्या पिंपल्सच्या जोरावर. २०२४च्या फेब्रुवारीत बुसानच्या वर्ल्ड टीम चॅम्पियनशिपमध्ये आयहिका मुखर्जीने जगातल्या एक नंबरच्या सुन यिंगशाला ३-१ हरवलं, तिच्याही बॅटच्या एका बाजूला असंच समोरच्याचा स्पिन त्याच्यावरच उलटवणारं रबर आहे. लाँग पिंपल्सचे दाणे लांब आणि मऊ, बॉल लागला की वाकतात, बॉलला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे समोरून टॉपस्पिन आला की तुमच्या साध्या ब्लॉकवरून तो कापलेला होऊन परत जातो. सतरा वर्षांची मुलगी जितक्या जोरात स्पिन मारेल तितका तिलाच जड जाणार. तुम्हाला जोर लावायची गरजच नाही, तिचा जोर वापरायचा.

मी स्वतः ४६व्या वर्षी हे रबर लावलं, एका चौदा वर्षांच्या पोरीने क्लबच्या स्पर्धेत मला अक्षरशः पळवून पळवून हरवल्यावर. खरं सांगते, पहिला महिना मी क्लबमधल्या सगळ्यांकडून हरले, ज्यांना झोपेत हरवायचे त्यांच्याकडूनपण. बॉल उंच जायचा, कुठेही जायचा. मनासारखं बसायला सहा महिने लागले. तुमच्याकडे अडीच महिने आहेत, म्हणजे या स्पर्धेला ते अर्धंच तयार असेल हे धरून चाला. पण तुमचा मुळातला खेळ ब्लॉकचा आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर जमेल असं मला वाटतं. एवढंच लक्षात ठेवा की पिंपल्सने मेलेल्या (स्पिन नसलेल्या) बॉलला पुश केलं की त्यात काही नसतं, तो वर तरंगतो आणि हुशार मुलगी तोच सोडून सोडून खेळते, तिसऱ्या गेमपर्यंत तिला कळतंच. तेव्हा हातात बॅट फिरवून साध्या रबरने एखादा बॉल द्यायचा. एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या रंगाची असायचा नियम आलाच त्यासाठी, पूर्वी दोन्ही बाजू एका रंगाच्या असायच्या आणि समोरच्याला कुठल्या रबरने मारलं तेच कळायचं नाही. आता रंग दिसतो, पण मॅचच्या घाईत दर बॉलला रंग बघून विचार करणं फार कमी मुलींना जमतं.

हे मी हवेतलं सांगत नाहीये. लक्झेंबर्गची नी शियालिएन तुम्हाला माहीत असेल, नसेल तर तिच्या मॅच शोधून बघा, रात्री जेवण झाल्यावर मिस्टरांना घेऊन बघा. जन्म १९६३, शांघायचा. १९८३ला चीनकडून टीम आणि मिक्स्ड डबल्सची वर्ल्ड चॅम्पियन, म्हणजे तुम्ही तेव्हा शाळेत असाल. नंतर युरोपात गेली, लक्झेंबर्गची झाली. डावखुरी, बॅट पेनहोल्ड (पेन धरल्यासारखी) पकडते, पिंपल्स वापरते. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ५८व्या वर्षी कोरियाच्या १७ वर्षांच्या शिन यू-बिनला सातव्या गेमपर्यंत नेलं आणि ४-३ने हरली, तुमच्या मॅचसारखंच वय समोर. त्याच वर्षी ह्युस्टनला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सारा दे नूटबरोबर डबल्सचं ब्राँझ घेतलं, पहिल्या वर्ल्ड मेडलनंतर ३८ वर्षांनी! आणि पॅरिस २०२४ला ६१व्या वर्षी तुर्कस्तानच्या सिबेल अल्तिनकायाला ४-२ हरवलं, वयाने जवळजवळ अर्धी. पुढच्या मॅचला समोर सुन यिंगशा, ४-०ने हरली, आणि सगळा हॉल तिच्यासाठी टाळ्या वाजवत होता.

तिच्या मॅचमध्ये बॉलकडे बघू नका, पायांकडे बघा. ती धावत नाही. टेबलाला चिकटून उभी असते, दोन पावलं इकडे दोन पावलं तिकडे, समोरची मात्र कोपऱ्या-कोपऱ्यात फिरते. बॉल कधी एकदम हळू नेटजवळ ठेवते, कधी सरळ अंगावर. जोरात मारते ती कधीतरीच, समोरची पूर्ण बेसावध असताना. तुम्हाला शिकायचंय ते हे. तुम्ही टेबलापासून मागे जाता असं तुमच्या पत्रावरून वाटतं (तुम्ही लिहिलंय "मागून उचलत होते"), ते बंद. मागे गेलात की तिला कोन मिळतो आणि तुम्हाला धावावं लागतं. हाताच्या अंतरावर उभं राहायचं आणि बॉल वर येतानाच ब्लॉक करायचा. या अकॅडमीतल्या मुली डाव्या कोपऱ्यात उभ्या राहून फोरहँड मारायला टपलेल्या असतात, त्यांना पहिला बॉल हाताच्या कोपरावर द्या, म्हणजे फोरहँड का बॅकहँड हे त्यांना ठरवता येत नाही, आणि दुसरा लांब त्यांच्या उजवीकडे. सर्व्हिस छोटी, एक कापलेली आणि एक बिनस्पिनची, दोन्हीला हाताची हालचाल अगदी सारखी. हे दोन बॉल जरी पक्के झाले तरी अडीच महिने सार्थकी लागले म्हणेन मी.

आणि वेळ घ्या हो. तुम्ही सगळ्यांना मोकळं करायची घाई करता, मला खात्री आहे, आपल्या वयाच्या बायकांना ही सवय असतेच, आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको. बॉल शांतपणे चालत जाऊन आणा, दर सहा पॉइंटला टॉवेल घ्यायचा हक्क आहे तो घ्या, दोन गेममधलं एक मिनिट पूर्ण वापरा. अख्ख्या मॅचला एकदाच एक मिनिटाचा टाइमआउट मिळतो, तो ३-९ला घेऊन उपयोग नाही, पहिल्याच गेमला १-५ झालं की घ्या. मुलींना पटपट खेळायला आवडतं, लय लागली की त्या थांबत नाहीत, ती लय नियमात राहून मोडायची.

गुडघ्याचं मी गंभीरपणे सांगतेय. रोज दीड तास खेळणं बंद करा. आठवड्यातून चार दिवस खेळा, दोन दिवस पायांचा आणि कमरेचा ताकदीचा व्यायाम, एक दिवस काहीच नाही. नुसतं खेळून पायात ताकद येत नाही, या वयात तर खेळून ती नुसती खर्च होते. आधी एकदा फिजिओकडे जा, गुडघा दाखवा, आणि डॉक्टरकडून बीपी, शुगर, ईसीजी करून घ्या, पाळी जायच्या आसपासचं वय आहे तर हाडांचंही विचारा, लाजू नका. खेळताना छातीत दडपल्यासारखं झालं किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर तिथेच थांबायचं, स्कोअर काहीही असू दे. गुडघे गेलेत म्हणून सगळं संपत नाही, आपला रोहन बोपण्णा बघा, गुडघ्यातली कूर्चा झिजलेली, अय्यंगार योगामुळे उभा राहिलो असं तो स्वतः सांगतो, म्हणजे पुण्यातून जगभर गेलेला योग, आणि २०२४ला ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन डबल्स जिंकून पहिल्यांदा जगात एक नंबर झाला. डबल्स, हे लक्षात घ्या, त्याने अर्धं कोर्ट दुसऱ्याला दिलं. तुम्हीपण ओपनमध्ये सिंगल्सबरोबर डबल्सची एंट्री भरा, एखादी वीस-बावीसची मुलगी बरोबर घ्या, तुम्ही बॉल बिघडवून द्यायचा आणि तिने मारायचा. आपल्या टेबल टेनिसमधल्या शरत कमलने २०२२ला बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला मिक्स्डचं गोल्ड घेतलं ते श्रीजा अकुलाबरोबर, तो ४० आणि ती २४. त्याच स्पर्धेत सिंगल्सचं गोल्डपण घेतलं, पहिल्या सिंगल्स गोल्डनंतर १६ वर्षांनी.

त्या "बायच की" म्हणणाऱ्या वडिलांबद्दल. मला वाचताना राग आला, खरंच आला. एंट्री फी तुम्ही भरलीय, गट ओपन आहे म्हणजे सगळ्यांसाठी उघडा आहे, कुणाची जागा तुम्ही अडवलेली नाही. त्यांना काही बोलायला जाऊ नका, तुमचा वेळ जाईल. त्यापेक्षा एक करा, जवळच्या अकॅडमीत जा, कोचला सांगा की मी पिंपल्सने खेळते आणि रविवारी दोन तास तुमच्या मुलींबरोबर खेळायला येते, पैसे नकोत. बहुतेक कोच हो म्हणतील, कारण मुलींना पिंपल्सवाली प्रॅक्टिसला मिळत नाही आणि मग नॅशनलला तसली कुणी समोर आली की गोंधळतात. त्यांना तुमचा बॉल मिळेल, तुम्हाला त्यांचा वेग मिळेल. दोन महिने आठवड्याला सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचे टॉपस्पिन घेतलेत की स्पर्धेत तो वेग तुम्हाला नवीन राहणार नाही. माझ्या मते ही एकच गोष्ट केलीत आणि बाकी काही नाही केलंत तरी फरक पडेल.

मिस्टरांना दोष देऊ नका, त्यांना तुम्ही रडत घरी आलेल्या दिसल्या आणि ते थांबवायचा हा त्यांचा मार्ग आहे. त्यांना काम द्या. नी शियालिएनचा कोच तिचा नवराच आहे, टॉमी डॅनियलसन, मॅचला तो बाकावर बसलेला असतो. तुमच्या मिस्टरांना टीटीतलं काही कळत नसेल तरी चालेल, वहीत फक्त एवढं लिहायला सांगा की तुमच्या कुठल्या सर्व्हिसवर पॉइंट आला आणि कुठल्यावर गेला. पॉइंटच्या मधे बाकावरून सल्ला द्यायला आता परवानगी आहे. एकदा ते बाकावर बसले की लोक हसतात का नाही ते त्यांनाच दिसेल.

व्हेटरन्स सोडायचं का, तर मुळीच नाही. तिथे तुम्ही जिंकता, आणि जिंकायची सवयपण लागते हाताला. वर्ल्ड मास्टर्स ४०च्या पुढच्यांसाठीच असते, २०२४ला रोमला सहा हजारांच्या वर माणसं खेळायला आली होती, एवढा मोठा तो गट आहे, त्याला कमी समजायचं कारण नाही. फक्त कुणी ढकललं म्हणून तिकडे जायचं नाही. दोन्ही खेळा, शरीर झेपेल तोपर्यंत. चिलीची झेंग झियिंग, मूळची चीनची, तिने १९८६ला विशीत खेळ सोडला, मधे थोडंफार खेळणं सोडलं तर कितीतरी वर्षं दुकान आणि संसार, कोविडमध्ये परत बॅट धरली आणि ५८व्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला उतरली. पहिलीच मॅच हरली. तुमच्या २६ वर्षांच्या गॅपबद्दल वाचताना मला तिचीच आठवण आली.

आता एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की अजून ९४चीच बॅट वापरता, रबर एकदाच बदललं. प्रॅक्टिसला ठीक, पण राज्य स्पर्धेत रबरवर आयटीटीएफचा (टेबल टेनिसची जागतिक संघटना) शिक्का आणि त्यांच्या चालू यादीत नाव लागतं, नाहीतर ऐन वेळी अंपायर बॅट बाजूला ठेवायला लावेल. पिंपल्स घेतानासुद्धा दुकानदाराला हे विचारूनच घ्या, जुने एकदम गुळगुळीत दाण्यांचे रबर आता चालत नाहीत, काही जण ते स्वस्तात गळ्यात मारतात. प्लाय (बॅटचं लाकूड) तुमचा जुनाच ठेवला तरी चालेल, लाकूड चांगलं असेल तर मी पण तोच ठेवला असता. बॅट तयार झाली की पहिल्या पंधरा दिवसांत बॉल उंच जातोय का बाजूला जातोय ते मला लिहा, त्यावर रबरची जाडी कमी करायची का ते सांगते.